अण्णांचं पितळी रीळ आणि भावाचं खारवलेलं रीळ : घरच्या घरी गंज कसा काढायचा?

तापीकाठ (रविवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. मी भुसावळचा. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली तर तिच्यात जुन्या चादरीत गुंडाळलेली गळाची दोन रिळं निघाली.

पहिलं अण्णांचं, म्हणजे वडिलांचं. अण्णा रेल्वेत फिटर होते. शेडमधला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा काठी आणि रीळ अण्णांना देऊन गेला. काठी कधीच मोडली, रीळ राहिलं. मुठीत मावेल एवढं, सगळं पितळी, फिरवायची मूठ बहुतेक शिंगाची. रविवारी अण्णा आम्हाला तापीवर न्यायचे. मासा ओढायला लागला की हे रीळ कर्रर्र करायचं आणि आम्ही भावंडं काठावर नाचायचो. आता ते फिरतच नाही. कडांना हिरवा थर, मध्ये काळपट, आणि दोरा गुंडाळलेलाच राहिल्यामुळे त्याच्याखाली तर शेवाळ उगवावं तसं दिसतंय.

दुसरं धाकट्या भावाचं. नव्या पद्धतीचं, पुढे तारेची कडी असते ना, तसलं. मुंबईत नोकरीला होता तेव्हा हा वर्सोव्याच्या खडकांवर जायचा. आल्यावर रीळ धुवायचा कंटाळा. अंग ॲल्युमिनियमचं आहे, त्याच्यावर चुन्यासारखी पांढरी पूड, रंग फुगून उठलेला, स्क्रू लालभडक. फिरवलं की जात्यासारखी घरघर.

भाऊ म्हणतो दोन्ही रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडव, सकाळी चकाचक. बायको म्हणते माझ्या स्वयंपाकघरातलं एकही भांडं मिळणार नाही. काय करू?

मिरचीपूड (रविवार, रात्री ९:२०)

मथळा वाचून वाटलं, अण्णांनी इन्स्टावर रीळ टाकलं आणि त्याला गंज चढला.

तापीकाठ (रविवार, रात्री ९:२४)

अण्णा ७८ वर्षांचे आहेत, साधा फोन वापरतात. तोही मीच चार्ज करतो.

अमळनेरचा नाना (रविवार, रात्री ९:५१)

एवढा काय विचार करतोस! पितळ आहे ना? देवाची भांडी घासतो तसं घास. भिजवलेली चिंच, चिमूटभर मीठ, नारळाची शेंडी. नाहीतर पितांबरी. आमच्याकडे पंचपात्री दर एकादशीला अशीच निघते, आरशासारखी.

आबा धुळेकर (रविवार, रात्री १०:०३)

भाऊ, चिच लाई दे, राख लाई दे, दोन हात मार. बठं निंघी जाई. मना बाप आसंच करे.

कोकणचा जावई (रविवार, रात्री १०:४०)

थांबा थांबा. आधी भावाच्या हातातून व्हिनेगरची बाटली काढून घ्या.

मी मूळचा चोपड्याचा, सासुरवाडी मालवणची. त्यामुळे खाऱ्या पाण्यातली मेलेली रिळं दरवर्षी हाताखालून जातात. अनुभवाने सांगतो, आधी रंग बघायचा, मग औषध ठरवायचं. हिरवं म्हणजे पितळ किंवा तांबं. पांढरं म्हणजे ॲल्युमिनियम किंवा जस्त. लाल म्हणजे लोखंड. भावाच्या रिळात हे तिन्ही एकत्र आहेत. बाहेरून ॲल्युमिनियम, आत मोठं चाक बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं, त्यात फिरणारं छोटं दातेरी चाक पितळेचं आणि स्क्रू लोखंडाचे. लोखंडाचा गंज उतरवायला व्हिनेगर चांगलं, पण तेवढ्याच वेळात ते ॲल्युमिनियम आणि जस्त खात बसतं. अख्खं रीळ बुडवलं की स्क्रू स्वच्छ होतात आणि ते जिथे बसायचे ते आटे जातात.

पांढरी पूड स्क्रूच्या भोवतीच जास्त आहे की नाही, बघून सांगा. असणारच. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी किंवा स्टीलचा स्क्रू आणि वरून खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम.

म्हणून क्रम असा ठेवा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, त्यात रीळ तासभर, मीठ विरघळू द्या. पाणी दोनदा बदला. मग पूर्ण वाळवून खोला. प्रत्येक धातू वेगळा काढा. व्हिनेगरमध्ये फक्त लोखंडी स्क्रू, दोन-तीन तास, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून लगेच पुसून तेल. ॲल्युमिनियमच्या अंगाला लिंबाची फोड किंवा व्हिनेगरचा बोळा दोन मिनिटं फिरवायचा आणि धुऊन टाकायचा. त्याच्यापुढे ब्रश आणि मनगट.

आणि आबा, राख पितळेवर ठीक, ॲल्युमिनियमवर नको. राख, धुण्याचा सोडा, कॉस्टिक, असलं क्षाराचं काही लागलं की ॲल्युमिनियम काळं पडतं.

रावेरचा ठिबकवाला (रविवार, रात्री ११:१५)

जावईबुवा म्हणतात ते शंभर टक्के खरं. माझं ऐका, म्हणजे दुसऱ्याने करायला नको.

आमची केळी आहे. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचतो म्हणून अधूनमधून ॲसिड सोडावं लागतं, त्याचा कॅन शेडमध्ये असतोच. तीन वर्षांपूर्वी माझं रीळ असंच पांढरं पडलं होतं. डोक्यात आलं, नळीतला क्षार जातो तर रिळाचा का नाही? प्लॅस्टिकच्या मगात थोडं ॲसिड, वर पाणी, आत रीळ. अख्खं. खोललंसुद्धा नाही.

आधी बारीक बुडबुडे. मी खूश. नंतर तो मग उकळल्यासारखा. हात लावला तर गरम! दहा मिनिटांनी लाकडाने उचलून बघतो तर बाहेरून चकचकीत झालेलं आणि आतून काहीतरी सैल वाजतंय. खोललं. पितळी चाक जसंच्या तसं, आणि ते जस्ताचं मोठं चाक चहात बुडवलेल्या पारले बिस्किटासारखं. दात बोटाने पडत होते.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी. तो मग उघडाच ठेवून गेलो होतो. त्याच्या वाफेने शेडमधले सगळे पाने, पक्कड, कोयता, सगळ्यांवर एका रात्रीत तांबूस थर. बाप जे बोलला ते इथे लिहिता येत नाही.

मिरचीपूड (रविवार, रात्री ११:२०)

म्हणजे रिळाला ठिबक दिलं आणि पान्यांना तांबेरा आला. कृषी खात्याला कळवलं का?

रावेरचा ठिबकवाला (रविवार, रात्री ११:२२)

हसा, हसा.

सराफाचं पोर (सोमवार, सकाळी ८:०५)

जळगाव, सराफ बाजार. घरचा धंदा आहे म्हणून एक गोष्ट सांगतो, जी इतरांना सुचणार नाही.

पितळेचे आणि लोखंडाचे भाग एकाच आंबट पाण्यात घालू नका. पितळेवरचा हिरवा थर विरघळला की पाण्यात तांबं उतरतं आणि ते लोखंडावर जाऊन बसतं. स्क्रू बाहेर काढाल तेव्हा गुलाबी झालेले असतील. आमच्याकडे नवीन कारागिराला पहिल्या दिवशी हेच सांगतात, उजळायच्या पाण्यात लोखंडी चिमटा घालायचा नाही. एकाने घातला की त्या पाण्यातल्या सगळ्या दागिन्यांवर तांब्याची झाक येते.

पितळसुद्धा आंबटात तासन्‌तास ठेवलं की लालसर होतं. वरच्या थरातलं जस्त निघून जातं, तांबं मागे राहतं. नानांची चिंच बरोबर आहे, पण दहा मिनिटं. रात्रभर नाही.

बारीक दात्यांत अडकलेल्या घाणीला रिठ्याचं पाणी आणि जुना टूथब्रश. तेवढ्यानं नाही भागलं तर ओळखीच्या सोनाराकडे किंवा चष्मेवाल्याकडे पाण्यात थरथर करणारं धुण्याचं मशीन असतं, अल्ट्रासॉनिक. सुटे केलेले भाग पाच मिनिटं त्यात सोडायला कोणी नाही म्हणत नाही. फक्त आधी ग्रीस काढून न्या, नाहीतर तो पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

जुनं ते (सोमवार, सकाळी ११:३०)

मला वेगळं मत मांडायचंय. अण्णांचं रीळ चकचकीत करूच नका.

मी जुनी कुलपं, अडकित्ते, वजनं जमवतो. पितळेवरचा तपकिरी-काळपट थर म्हणजे घाण नव्हे. तो बसायला वर्षानुवर्षं लागतात आणि तो खालच्या धातूला सांभाळतो. हिरवी भुकटी काढा, ती खरंच खात जाते. काळपट राहू द्या. नानांच्या शेंडीने घासलं की त्या पंचपात्रीत आणि या रिळात फरक उरणार नाही.

दुसरं म्हणजे घासण्याआधी भिंगातून ठसा शोधा. काठीला बसणाऱ्या पायाच्या पट्टीवर किंवा मागच्या तबकडीवर असतो. इंग्लंडात रेडिच गाव सुया, गळ आणि रिळांसाठी प्रसिद्ध होतं, अल्नविकच्या हार्डी कंपनीची रिळं तर जगभर जायची. त्यांचं ‘परफेक्ट’ नावाचं रीळ १८९१ पासूनचं आहे. तुमचं त्यातलं असेल असं म्हणत नाही. पण पितांबरीने ठसा गेला की विचारायलाही काही उरत नाही.

अमळनेरचा नाना (सोमवार, दुपारी १:१०)

वजनं जमवणाऱ्याने भांडी घासणाऱ्याला शिकवू नये. कळकलेल्या पितळेत ताक ठेवलं की काय होतं ठाऊक आहे ना? कळक म्हणजे विष. तो घरात कशाला जपून ठेवायचा?

जुनं ते (सोमवार, दुपारी १:१८)

रिळात ताक कोण ठेवतं, नाना?

सराफाचं पोर (सोमवार, दुपारी १:३०)

दोघंही बरोबर आहात. हिरवं काढा, काळं ठेवा. पण नानांचा मुद्दा सोडू नका. हिरवी पूड कोरडी खरवडली की नाकात जाते. ओली करून काढा, तोंडाला रुमाल बांधा, नंतर हात धुवा.

तापीकाठ (सोमवार, रात्री ९:३५)

सगळ्यांचे आभार. अण्णांनी हा चर्चेचा धागा माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. ‘काळं ठेवा’ याला त्यांची मान हलली. नानांना नमस्कार सांगितलाय.

भिंगाने पाहिलं. नाव नाही. पायाच्या पट्टीखाली नुसता एक आकडा आहे.

अडचण वेगळीच आहे. मागच्या तबकडीला चार चपट्या खाचेचे स्क्रू आहेत, एकही हलेना. एकाची खाच मी आजच थोडी फाडली. अण्णांनी बघितलं, बोलले काही नाहीत, पण उठून आत गेले.

फ्रीव्हील (सोमवार, रात्री १०:२०)

पेचकस खाली ठेवा. वडिलांचं सायकलचं दुकान होतं, नंदुरबारला. त्यामुळे फाटलेल्या खाचा खूप पाहिल्यात.

जुन्या स्क्रूची खाच बारीक आणि सरळ असते. बाजारातल्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं, ते तळाला टेकतच नाही, वरच्या कडा फाडतं. एक स्वस्तातला पेचकस घ्या आणि कानशीने टोक इतकं घासा की खाचेत घट्ट आणि तळापर्यंत बसेल. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग डिझेलमध्ये दोन दिवस. रॉकेल मिळालं तर उत्तम, पण रेशनवर हल्ली दिसतं कुठे? वर इंजिन ऑइलचा एक थेंब. शिंगाची मूठ निघत असेल तर आधी काढा, नाहीतर रीळ असं धरा की ती कोरडी राहील.

दोन दिवसांनी रेडिओवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री तापवून टोक स्क्रूच्या माथ्यावर मिनिटभर टेकवा. फक्त माथ्यावर. डिझेल आधी नीट पुसून घ्या, आणि हे अंगणात करा. स्क्रू तापला, फुगला, निवला की गंजाची पकड सुटते. निवल्यावर पेचकस लावून मागच्या टोकाला हलकी हातोडी. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग सोडायच्या. ‘टिक’ असा आवाज आला की जिंकलात.

खोलताना प्रत्येक टप्प्याला फोटो. भाग ठेवायला मसाल्याचा डबा, प्रत्येक वाटीत एकेक टप्पा. (वहिनींना विचारून.) आणि तबकडी उचलताना रीळ पारदर्शक पिशवीत धरा. आत एक कुत्रा असतो आणि त्याच्या मागे स्प्रिंग. ती उडाली की कपाटाखालीच सापडते, तीही पुढच्या दिवाळीला.

मिरचीपूड (सोमवार, रात्री १०:२४)

आत कुत्रा असतो???

फ्रीव्हील (सोमवार, रात्री १०:३१)

अहो, दातेरी चाकाच्या दात्यांत अडकणारी ती छोटी खुंटी. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये पण असते, आम्ही कुत्राच म्हणतो. पायडल न मारता जी टिकटिक ऐकू येते ती त्याची. अण्णांच्या रिळाचं कर्रर्र म्हणजे पण तोच भुंकतो.

अमळनेरचा नाना (मंगळवार, सकाळी ७:४५)

आणि खोलून झालं की खोबरेल तेल सोडायचं सगळीकडे. शुद्ध, वासाला पण बरं.

कोकणचा जावई (मंगळवार, सकाळी ९:१५)

नाना, आज पहाटे तुमच्याकडे खोबरेलची बाटली बघितलीत का? आमच्याकडे दगड झालाय. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली ते गोठायला लागतं. अमळनेरच्या थंडीत रीळ जाम होईल आणि तुम्ही म्हणाल गंज आला.

खायचं कुठलंच तेल नको. शेंगदाणा, करडई, सरकी, सगळी हवेने चिकट होतात. जवसाचं तर चक्क वाळून वार्निश होतं, जुने सुतार लाकडाला तेच लावायचे. शिलाई मशीनचं तेल घ्या, पातळ असतं. आसाला आणि बेअरिंगला एक थेंब, दोन नाही. दात्यांना ग्रीस, तेही ब्रशने पातळ. दाबून भरू नका.

रावेरचा ठिबकवाला (मंगळवार, सकाळी ९:४०)

डब्ल्यूडी-४० चा फवारा मारला तर? माझ्याकडे आहे.

कोकणचा जावई (मंगळवार, सकाळी ९:५८)

तुमच्याकडे काय काय आहे याचीच भीती वाटते.

नावातच आहे, वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं, चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून ४०. १९५३ साली अमेरिकेत बनलं आणि पहिल्यांदा ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून वापरलं. जाम सोडवायला, ओल घालवायला झकास. पण त्यातलं बरंचसं उडून जातं आणि जाताना जुनं ग्रीसही धुऊन नेतं. ते मारून वर तेल-ग्रीस दिलं नाही तर रीळ आतून कोरडं फिरतं.

नर्मदाकाठची (मंगळवार, दुपारी ३:२०)

मी धडगावकडची. एवढा मोठा धागा वाचला, गंमत वाटली. माझे मामा आयुष्यभर बांबूची काठी, दोरा आणि गळ एवढ्यावर मासे धरत आले. रीळ नाही, कुत्रा नाही, गंज नाही. गळ बोथट झाला की दगडावर घासायचा, संपलं.

पण एक कामाचं विचारते. त्या पितळी रिळावरचा दोरा सुती आहे का? तो तसाच ओला गुंडाळून ठेवला असणार. काठावरून परत आल्यावर मामा दोरा सगळा उलगडून दोन झाडांना ताणून वाळवायचे. आम्हा पोरांना वाटायचं कपडे वाळत घालायला बांधलाय. तेव्हा हिरव्याचं मूळ कारण तो दोरा. कापून टाका, जपू नका.

आणि अण्णा गळाला काय लावायचे?

तापीकाठ (मंगळवार, रात्री ८:५०)

ताई, दोरा सुतीच आहे, अगदी बरोबर ओळखलंत. वरचे वेढे कोरडे आणि तळाचे कुजके, पितळेला चिकटून बसलेत.

अण्णांना विचारलं. रोहू-मृगळला कणकेची गोळी, त्यात शेंगदाण्याची भिजवलेली ढेप. शिंगटीला गांडूळ. मरळीला छोटी बेडकी, पण ती आईला कळू न देता.

आबा धुळेकर (मंगळवार, रात्री ९:०५)

मरळ! पांझराले पूर ई गया की आम्ही पोरं हातवरी धरूत. आते पांझरामा पानी बी नही नि मरळ बी नही.

मिरचीपूड (मंगळवार, रात्री ९:१२)

थंडी पडली, लोक भरीत पार्टीचं ठरवतात, तुम्ही मरळीचं. बामणोदची वांगी आणा, कापसाच्या पळाट्या पेटवा, रीळ बाजूला ठेवा.

खडगपूर रिटर्न (मंगळवार, रात्री १०:४४)

मी रेल्वेतच, बारा वर्षं बंगालमध्ये काढून आता परत जळगावला. तिकडे रिळाला ‘हुईल’ म्हणतात. दर तळ्याच्या काठी छत्री लावून माणसं बसलेली. एका काकांचं पितळी हुईल होतं. ते प्रत्येक वेळी घरी आल्यावर साध्या पाण्याने धुऊन, पुसून, पंख्याखाली ठेवायचे आणि मगच स्वतः आंघोळ करायचे. त्यांच्या बायकोची यावर जी टिप्पणी होती ती बंगालीतच गोड लागते.

जाता जाता, धरणावर जाणार असाल तर आधी चौकशी करा. बऱ्याच तलाव-धरणांत मासेमारीचा ठेका संस्थांकडे असतो, हौशी गळवाल्यालाही परवानगी लागू शकते.

तापीकाठ (पुढचा रविवार, दुपारी ४:३०)

आठवडाभराचा हिशेब देतो.

आधी अण्णांचं. पेचकस घासून घेतला. डिझेल दोन दिवस, इस्त्री, हातोडी. तीन स्क्रूंनी ‘टिक’ केलं. चौथा, ज्याची खाच मी फाडली होती, तो नाहीच. शेवटी अण्णा म्हणाले, आण इकडे. बारीक करवतीच्या पात्याने जुन्या खाचेला आडवी नवी खाच पाडली आणि पेचकस लावून एका दमात सोडवला. हात थरथरतात त्यांचे, पण स्क्रूवर टेकले की थरथरत नाहीत.

दोरा कापला. खाली पितळेवर वेढ्यांची नक्षी उमटलीय, बारीक हिरव्या रेषा, बांगड्या घातल्यासारख्या. चिंचेच्या पाण्यात दोरा गुंडाळायची गरारी दहा मिनिटं ठेवली, ब्रश मारला, सोड्याच्या पाण्यातून काढली. हिरवं गेलं, रेषा मात्र राहिल्या, आता त्या खड्डेच आहेत. तबकडीला फक्त रिठा. काळपट ठेवली.

आत कुत्रा सापडला, शाबूत. त्याच्या मागची पट्टी-स्प्रिंग मात्र गंजून दोन तुकडे. म्हणून आवाज बंद. घड्याळजीकडे गेलो, त्याने चावीच्या जुन्या घड्याळाच्या कमानीचा तुकडा दिला. वाकवायला गेलो तर कट्‌कन मोडला. दुसरा तुकडा आणला, टोक गॅसवर लाल केलं, हळूहळू निवू दिलं, मग भोक पडलं.

जोडलं. फिरवलं. कर्रर्र झालं!

मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, “हा त्याचा आवाज नाही. पट्टी पातळ आहे. बदल.”

आता भावाचं. खोलल्यावर कळलं की स्क्रू ज्यात बसतात ते ॲल्युमिनियमचे दोन कान पोकळ झालेत. पांढरी पूड खरवडली तर एका कानाला आरपार भोक. मोठं चाक खडबडीत, पण दात आहेत. एक बेअरिंग फिरेना, त्याच्या बाजूवर कोरलेला आकडा दाखवून बाजारातून नवीन आणलं. कडीच्या टोकाची दोरा घसरणारी गिरकी जाम होती, डिझेलमध्ये ठेवून सुटली. ग्रीस दिल्यावर घरघर निम्मी झाली. तुटक्या कानात एपॉक्सी भरून आटे पाडावेत का?

कोकणचा जावई (रविवार, संध्याकाळी ५:१०)

भरा, पण तापीच्या शिंगटीपुरतंच ठेवा, मोठ्या कटल्याला ते उपटून निघेल. स्क्रू घालताना आट्यांना ग्रीस लावा, म्हणजे दोन धातूंत पाणी शिरत नाही.

भावाला सांगा, समुद्रावरून आल्यावर पुढची चावी (मासा किती ओढला की दोरा सुटेल ते ठरवणारी) घट्ट करायची, म्हणजे आतल्या चकत्यांत पाणी जात नाही. साध्या पाण्याची हलकी धार, नळाचा फवारा नको. तो मीठ आतच ढकलतो. पुसायचं आणि मग चावी पूर्ण सैल करून ठेवायची, नाहीतर चकत्या दबून चिकटतात. पाच मिनिटांचं काम आहे.

तापीकाठ (रविवार, संध्याकाळी ५:१८)

भाऊ बाजूलाच बसलाय. ऐकलं नाही असं दाखवतोय.

फ्रीव्हील (रविवार, संध्याकाळी ६:०२)

अण्णांचा कान पक्का आहे. जाड कमान शोधत बसू नका, ती कुत्र्याला जास्त दाबेल आणि चाकाचे दात खाईल. त्याच पातळ कमानीचा दुसरा तुकडा कापा, पहिल्यापेक्षा थोडा आखूड, आणि मागे जोडून बसवा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला खाली पाटे असतात बघा, एकावर एक, तसं.

अमळनेरचा नाना (रविवार, संध्याकाळी ६:३०)

बाकी सगळं ठीक, पण तबकडीला थोडी चिंच लावायला हवी होती.

तापीकाठ (मंगळवार, रात्री ९:४८)

दोन पाटे लावले. आवाज जाड झाला. अण्णांनी दहा-बारा वेळा फिरवून पाहिलं, ‘हां’ म्हणाले आणि रीळ उलटं करून बघायला लागले. आता म्हणतात, चारही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत यायला हव्यात.